दुकानाची पाटी म्हणजे चारचौघांत दिलेला शब्द!



पाटीचा प्रश्न निघाला की काही शहाणी मंडळी नाक मुरडतात. म्हणतात, "अरे, तुमचा बोनस अडलाय, हक्काच्या घराचा पत्ता नाही, आणि तुम्ही रस्त्यावरच्या पाट्या कसल्या मोजत बसलाय? पाटी मराठीत असली काय नि इंग्रजीत असली काय, त्यानं पोट भरणार आहे का?"

या मंडळींना आमचा उलटा सवाल आहे. बोनस किती नि कधी, हे कुठं लिहिलेलं असतं? गिरणीच्या गेटावरच्या फळ्यावर. घर कुठं, केवढ्याला, हे कुठं लिहिलेलं असतं? नाक्यावरच्या जाहिरातीच्या फलकावर. तेलाच्या डब्याचा भाव कुठं? डब्यावरच्या छापात आणि वाण्याच्या पाटीवर. म्हणजे ज्या ज्या गोष्टींनी आमचं पोट भरतं किंवा मारलं जातं, त्या सगळ्या कुठल्या ना कुठल्या पाटीवर लिहिलेल्या असतात. ज्याला ती पाटी वाचता येते तोच तिच्यावरून भांडू शकतो. म्हणून पाटीचा प्रश्न हा पोटाचाच प्रश्न आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आम्ही वकील नव्हे. आमच्यापैकी बहुतेकांची शाळा चौथीला सुटली नि पुढचं शिक्षण रिंग खात्यात साच्यापुढं झालं. पण युनियनचं काम करताना कायद्याची पुस्तकं चाळावी लागली, जाणत्यांना विचारावं लागलं. त्यातून जे कळलं ते साध्या भाषेत तुमच्यापुढं ठेवतो.

कायदा पाटीला काय समजतो?

पहिली गोष्ट ध्यानात ठेवा. दुकानदाराने काचेआड वस्तू मांडली, तिला भावाची चिठ्ठी लावली, म्हणजे सौदा झाला असे कायदा मानत नाही. ते गिऱ्हाइकाला नुसते आवतण असते. इंग्लंडात ब्रिस्टल शहरी एका दुकानदाराने बंदी असलेला चाकू काचेत मांडला म्हणून त्याच्यावर खटला झाला. १९६० साली कोर्टाने सांगितले, की चाकू मांडला, भाव लावला, तरी करार कायद्याच्या हिशेबाने ती विक्रीची 'देकार' नव्हे. गिऱ्हाईक मागणी करते आणि दुकानदार हो म्हणतो तेव्हाच सौदा पुरा होतो. दुकानदार सुटला. आपला १८७२ चा करार कायदाही इंग्रजांनीच लिहिलेला, त्याची चालही हीच आहे.

पण म्हणून जाहिरात ही हवेत सोडलेली बात आहे असे कुणी समजू नये. त्याच इंग्लंडात १८९१ साली एका कंपनीने औषधी धुराच्या गोळ्याची जाहिरात छापली. आमचा गोळा दिवसातून तीनदा, दोन आठवडे वापरूनही ज्याला इन्फ्लुएन्झा होईल त्याला १०० पौंड देऊ. आणि आमची नियत दाखवायला १००० पौंड बँकेत ठेवलेत, असे तीत लिहिले होते. कार्लिल नावाच्या एका बाईने गोळा घेतला, सांगितल्याप्रमाणे वापरला, तरी तिला आजार झाला. तिने १०० पौंड मागितले. कंपनी म्हणाली, "अहो, ती नुसती जाहिरात! तिला कोण खरं धरतं?" १८९२ साली अपिलाच्या कोर्टाने कंपनीचे एक ऐकले नाही. तुम्ही साऱ्या जगाला शब्द दिलात, बाईने तुमची अट पाळली, आता पैसे मोजा! आजही आपल्या देशात वकिलीच्या पोरांना हा खटला शिकवतात.

या दोन खटल्यांतून आम्ही काढलेला अर्थ असा. नुसते "या, बघा" म्हणणारी पाटी आवतण असते. पण "अमुक करा, आम्ही तमुक देऊ" असे जी पाटी नेमके बोलते, तो चारचौघांत दिलेला शब्द असतो, आणि तो मोडला तर कोर्टात विचारता येतो.

त्यावर आणखी एक पायरी आपल्या देशाने चढली आहे. १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा आला, आणि त्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. आता करार झाला की नाही एवढ्यावर गाडी अडत नाही. जाहिरात खोटी किंवा फसवी असेल, तर तोच गुन्हा धरून केंद्रीय प्राधिकरण पहिल्या खेपेस १० लाख रुपयांपर्यंत, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड करू शकते. आणि जाहिरात म्हणजे वर्तमानपत्रातलीच असे नाही. भिंतीवरची, पाकिटावरची, मोबाइलवरची, सगळी त्यात आली.

"मालक जबाबदार नाही"

आता दुसऱ्या जातीची पाटी घ्या. ती काही देत नाही, नुसते काढून घेते. "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही." "वाहने स्वतःच्या जोखमीवर लावावीत." "हरवल्यास मालक जबाबदार नाही." आम्ही अशा पाट्या देवाच्या वाक्यासारख्या वाचतो, मान खाली घालतो नि घरी जातो. दुकानदाराला तेच हवे असते.

बंधूंनो, मालकाने भिंतीवर लिहिले म्हणून ते कायदा होत नाही! विकलेला माल सदोष निघाला, तर बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, तो परत घ्यायला नकार देणे ही २०१९ च्या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. मग भिंतीवर पाटी असो नाहीतर पावतीवर शिक्का असो. वाहनांचेही तसेच. दिल्लीतल्या एका बड्या हॉटेलच्या माणसाच्या हाती पाहुण्याने गाडीची चावी दिली आणि गाडी चोरीला गेली. हॉटेल म्हणाले, 'मालकाच्या जोखमीवर' असे आम्ही लिहून ठेवले होते. १४ नोव्हेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की गाडी ताब्यात घेतल्यावर स्वतःच्या हयगयीची जबाबदारी असे चार शब्द लिहून झटकता येत नाही. तो पाहुणा मोटारवाला होता. पण ज्याची सायकल स्टँडवाल्याच्या हवाली केलेली असते, त्यानेही हे तत्त्व पाठ करून ठेवावे.

गेटावरचा फळा

आता आमच्या घरातली गोष्ट. आम्ही ज्या सूतगिरणीत होतो तिथे एकदा पाळीची वेळ बदलली. नोटीस लागली ती इंग्रजीत, टाइप केलेली, टाइमकीपरच्या खिडकीशेजारी. रात्रपाळीचे लोक जुन्या वेळेला आले. गेट बंद! सगळ्यांचा खाडा लागला. साहेब म्हणाले, "नोटीस लावली होती. वाचली नाही हा तुमचा दोष." बदली कामगार बिचारे पाया पडू लागले. युनियनने पाया पडायचे सोडून पुस्तक काढले. १९४८ च्या कारखाना कायद्याचे कलम १०८ साहेबांपुढे ठेवले. कायद्याच्या नोटिसा इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत, मुख्य दरवाजाजवळ ठळक जागी लावल्या पाहिजेत, असे त्यात लिहिलेले होते. १९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्यातही तेच होते, १९३६ च्या वेतन कायद्यातही तेच. आम्ही साहेबांना विचारले, की आमच्या कामाच्या अटी आमच्या भाषेत लावायच्या असा सरकारचा हुकूम असताना पाळी बदलल्याची नोटीस तेवढी इंग्रजीत कशी? साहेबांनी कागद दोनदा वाचला. खाडा मागे घेतला गेला आणि दुसऱ्या दिवशी मराठी नोटीस लागली. तिच्याखाली हिंदीही लागली, कारण आमच्यात उत्तरेकडचे भाऊही होते आणि खाडा त्यांचाही लागला होता.

यातून समजण्यासारखे काय? ज्या नोटिशीने माणसाला बांधायचे ती त्याला कळेल अशा भाषेत हवी, हे तत्त्व आपल्या देशात मजुराच्या बाबतीत तरी १९३६ पासून कायद्यात आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हे जुने कामगार कायदे जाऊन त्यांच्या जागी श्रमसंहिता आल्या. कायद्यांची नावे बदलली, पण फळ्यावरची आमच्या भाषेची जागा एक तसूही हलता कामा नये. यावर प्रत्येक युनियनने डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवले पाहिजे.

दुकानावरची पाटी

गेटावरच्या फळ्याला जे लागू, ते बाजारातल्या पाटीला लागू व्हायला किती वर्षे गेली पहा. १ मे १९६० रोजी मराठी भाषकांचे राज्य झाले. १९६१ च्या दुकाने व आस्थापना नियमांत मराठी पाटीचा नियम होता, पण तो कागदावरच कुजला. २०१७ साली नवा कायदा आला, त्याचा भर दहा किंवा जास्त नोकर असलेल्या दुकानांवर. मग काय, दहाच्या आतले दुकान म्हणून पळवाट! अखेर २०२२ साली दुरुस्ती झाली. दुकान लहान असो की मोठे, नावाची पाटी मराठीत, देवनागरी लिपीत हवी. मराठी अक्षरे आधी हवीत, आणि ती इतर कुठल्याही भाषेच्या अक्षरांहून लहान नसावीत.

व्यापाऱ्यांच्या एका संघटनेला हेही सोसवले नाही. ते मुंबई उच्च न्यायालयात गेले. म्हणाले, आमच्या भाषणस्वातंत्र्यावर घाला आला, आमच्या धंद्याच्या हक्कावर गदा आली. २३ फेब्रुवारी २०२२ रोजी न्यायालयाने अर्ज फेटाळला आणि वर २५,००० रुपये खर्च भरायला लावला. न्यायालयाचे म्हणणे साधे होते. दुसऱ्या कुठल्याही भाषेला बंदी केलेली नाही, मराठी हवी एवढेच सांगितले आहे. मग प्रकरण दिल्लीला गेले. २५ सप्टेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन महिन्यांची मुदत दिली आणि कज्जावर पैसा घालण्यापेक्षा पाटीवर घाला, अशा अर्थाचे सुनावले. मुदत संपताच, २८ नोव्हेंबर २०२३ पासून मुंबई महापालिकेने दुकानांची तपासणी सुरू केली.

भाषणस्वातंत्र्याच्या गोष्टीवर दोन शब्द. आम्ही चळवळीची माणसं. भाषणस्वातंत्र्याची किंमत आम्हाला कुणी शिकवायला नको. पण धंद्याची जाहिरात आणि माणसाचे मत हे एका तराजूत घालता येत नाहीत. जादूच्या औषधांच्या जाहिरातींना बंदी करणारा कायदा १९५४ साली झाला. त्याविरुद्ध एक दवाखाना सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा १९५९ च्या डिसेंबरात न्यायालयाने सांगितले, की माल खपवण्यासाठी केलेली प्रत्येक जाहिरात भाषणस्वातंत्र्याच्या पंखाखाली येत नाही. पुढे १९९५ साली त्याच न्यायालयाने जाहिरातीला भाषणस्वातंत्र्याचे संरक्षण दिले. पण खोट्या, फसव्या जाहिरातीला सरकार आवर घालू शकते, हेही तिथेच सांगितले. म्हणजे व्यापाऱ्याने बोलावे, खुशाल बोलावे. पण खरे बोलावे आणि ज्याच्या खिशात हात घालायचा त्याला कळेल असे बोलावे.

हा हट्ट फक्त मराठी माणसाचा आहे असेही नव्हे. कॅनडा देशातल्या क्वेबेक प्रांताने १९७७ साली दुकानांच्या पाट्या फक्त फ्रेंचमध्ये असाव्यात असा कायदा केला. १९८८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या भाषेला केलेली बंदी रद्द केली. पण फ्रेंच हवीच, ती ठळकही असू शकते, याला हरकत घेतली नाही. १९९३ साली प्रांताने कायदा त्या मापात बसवला. दुसऱ्याची भाषा पुसू नका, आपली खाली जाऊ देऊ नका. महाराष्ट्राचा कायदा याच मापाचा आहे, आणि म्हणूनच तो कोर्टात टिकला.

बेळगावचे काय?

हेच माप सीमेपलीकडेही लावायला हवे. कर्नाटकाने २०२४ साली कायद्यात दुरुस्ती करून पाट्यांवर ६० टक्के कन्नड सक्तीचे केले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगावचा मराठी मुलूख त्या राज्यात घातला गेला, त्याचे दुःख आम्ही विसरलेलो नाही. तरी आम्ही असे म्हणणार नाही, की मुंबईत मराठी सक्ती चांगली नि बेळगावात कन्नड सक्ती वाईट. तसे बोललो तर कोर्ट हसेल आणि आमचा कानडी कामगार भाऊही हसेल. आमची मागणी वेगळी आहे. कन्नड हवी तेवढी लिहा, पण उरलेल्या ४० टक्के जागेत मराठी दुकानदाराने आपले नाव मराठीत लिहिले, तर त्यावर डांबर ओतले जाता कामा नये. आपली भाषा नि लिपी जपण्याचा हक्क घटनेच्या २९ व्या कलमाने प्रत्येक समूहाला दिला आहे. तो तिकडच्या मराठी माणसाला आहे, तसाच इकडच्या कानड्यालाही आहे.

डांबराची गोष्ट निघालीच आहे, तर आमच्याही तरुणांना सांगतो. इंग्रजी पाटीला काळे फासून फोटो निघतो, पण पोलिसात नाव जाते ते आमच्याच पोरांचे, आणि नुकसान होते ते बहुधा कोपऱ्यावरच्या गरीब दुकानदाराचे. बड्या मॉलच्या पाटीपर्यंत कुणाचा हात पोचत नाही. कायदा आपल्या बाजूला असताना दगड कशाला उचलायचा?

पाटी झाली, पाकिटाचे काय?

नाव मराठीत आले म्हणजे सगळे पावले, असे समजून कुणी घरी बसू नये. इंग्रजी नावच देवनागरीत उतरवून कित्येक दुकाने मोकळी झाली. बाहेर अक्षर आमचे, आत व्यवहार त्यांचा! कायद्यालाच अजून पुष्कळ पुढे जायचे आहे. २०११ चे पाकीटबंद मालाचे केंद्राचे नियम घ्या. भाव, वजन, तारीख ही माहिती हिंदीत देवनागरी लिपीत किंवा इंग्रजीत द्यावी, असे ते सांगतात; दुसरी भाषा व्यापाऱ्याच्या मर्जीवर. म्हणजे दुकानाच्या कपाळावर मराठी सक्तीची आणि पोराच्या दुधाच्या पावडरीवर मात्र ऐच्छिक. आमच्या मते खरी गरज नेमकी उलटी आहे. नाव चुकीचे वाचले तर फार तर दुकान चुकेल, पण तारीख चुकीची वाचली तर पोर आजारी पडेल. पाकिटावर राज्याची भाषा सक्तीची झाली पाहिजे, ही आमची पुढची मागणी आहे.

आणि घर! लोअर परळला जिथे गिरण्यांचे भोंगे वाजत, तिथल्या टॉवरांच्या जाहिरातींत 'अप्पर वरळी' असे नाव झळकले. गिरणगावाचे नावसुद्धा त्यांना नको. ते असो. पण घर घेऊ पाहणाऱ्या कामगाराने हे जरूर जाणावे, की २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे जाहिरातीवर किंवा नमुना घरावर विसंबून पैसे भरले आणि ती माहिती खोटी निघाली, तर बिल्डरला भरपाई द्यावी लागते. व्यवहार सोडायचा असेल तर सगळे पैसे व्याजासह परत द्यावे लागतात. महाराष्ट्रात १ ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पाच्या जाहिरातीवर क्यूआर कोड छापणेही बंधनकारक केले आहे. तो नसेल तर पाच पैसे देऊ नका. आमच्या निवृत्त भावांची ग्रॅच्युइटी अशा कागदांपायी बुडालेली आम्ही डोळ्यांनी पाहिली आहे.

काय करायचे?

जाहिरातीचा कागद फेकू नका. भिंतीवरच्या पाटीचा मोबाइलवर तारखेसह फोटो काढा. पावती मागा, पावती नाही तर पुरावा नाही. तक्रार करायची तर १९१५ हा ग्राहकांचा फोन नंबर आहे. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या प्रकरणाला फी नाही, आणि फिर्याद तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात लावता येते. कंपनीच्या गावाला जावे लागत नाही. दुकानाची पाटी कायद्याप्रमाणे नसेल तर मुंबईत महापालिकेकडे आणि इतरत्र दुकाने निरीक्षकाकडे लेखी अर्ज द्या. एकट्याने दिला तर साहेब टेबलाखाली घालतो, म्हणून खात्यातल्या वीस जणांच्या सह्या घ्या आणि पोच मागून घ्या.

आणि पुढच्या रविवारी प्रत्येक खात्यातून निदान दोघांनी युनियनच्या कचेरीत यावे. आपापल्या गेटावरच्या फळ्यावर आज काय लागले आहे, कुठल्या भाषेत लागले आहे, ते उतरवून आणावे. ज्यांना इंग्रजी येते त्यांनी ते मराठीत करून द्यावे, ज्यांना हिंदी येते त्यांनी हिंदीत. आपल्याला बांधणारा एकही कागद आपल्याला न कळता फळ्यावर राहता कामा नये!